शंभरपैकी शंभर

माझ्या वडिलांनी स्वतःच्या तब्येतीला शंभरपैकी शंभर गुण दिले, तेव्हा त्यांचा डावा हात मांडीवर ठेवलेला होता. ठेवलेला म्हणजे अक्षरशः ठेवलेला. उजव्या हातानं उचलून त्यांनीच तो तिथं आणून सोडला होता. लकवा मारून दोन वर्षं झाली होती. डावा पाय ओढत, माझ्या भावजयीच्या खांद्याला धरून ते खाटेपासून अंगणाच्या कडेच्या संडासापर्यंत जायचे आणि तेवढ्यानं घामाघूम होऊन परत यायचे. समोर आमच्या हॉस्पिटलची फिजिओथेरपिस्ट मुलगी बसली होती. तिनं शून्यापासून शंभरपर्यंत खुणा केलेला कागद पुढे धरला आणि म्हणाली, "बाबा, आजची तब्येत कुठं आहे, तिथं बोट ठेवा." त्यांनी बोट सरळ सगळ्यात वरच्या खुणेवर टेकवलं.

"शंभर?" तिनं विचारलं.

"कागद तिथंच संपतोय ना," ते म्हणाले. "न्हाई तर अजून वर गेलो असतो."

वडिलांना आम्ही दादा म्हणतो, भावजयही तेच म्हणते. हा माणूस जन्मभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होता. उसाच्या बैलगाड्या, ट्रॉल्या, ट्रक सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. त्यांनी कधी कुणाचा काटा मारला नाही असं ते स्वतः सांगायचे, आणि विशेष म्हणजे दुसरी माणसंही सांगायची. सख्ख्या मेव्हण्याच्या उसात पाचट, म्हणजे वाळका पाला, जास्त निघालं म्हणून त्यांनी वजनातून तेवढी वजावट केली होती, आणि त्या दिवाळीला आमच्याकडे मामा फिरकला नव्हता. असा माणूस स्वतःचं वजन करायची वेळ आली तेव्हा दिवसाढवळ्या खोटं बोलला. मला त्यांचा इतका राग आला की तो कागद फाडावासा वाटला. पण कागद हॉस्पिटलचा होता आणि फाडला असता तर दुसरा मलाच झेरॉक्स करून आणावा लागला असता.

हे कागदाचं खूळ मीच आणलं होतं. राहुरी तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात, एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल आहे. तिथं मी मेट्रन आहे. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं आम्हाला देणगी देऊ केली, पण एका अटीवर. पैसा एकाच कामाला मिळेल, आणि त्या कामानं लोकांचं सगळ्यात जास्त भलं होईल हे तुम्ही दाखवून द्यायचं. कामं दोन होती. एक म्हणजे सीटी स्कॅनचं मशीन, जे आमच्या अध्यक्षांना हवं होतं. दुसरं म्हणजे घरभेटी. लकव्याच्या पेशंटकडे आमची फिजिओ स्कूटीवरून आठवड्यातून तीनदा जायची, हातपाय हलवून घ्यायची, उभं राहायला शिकवायची. आधीचा निधी मार्चला संपत होता, म्हणजे मशीन आलं की भेटी बंद.

मला भेटी हव्या होत्या, आणि त्या दादांसाठी हव्या होत्या. हे मी लपवत नाही. ते नुकतेच काठी धरून चार पावलं टाकायला लागले होते. भेटी थांबल्या की ती चार पावलं तिथंच थांबणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मी नर्स आहे, फिजिओ नाही. आणि बाकीच्या घरांत तर मेट्रनही नव्हती.

दाखवून द्यायचं म्हणजे काय, हे शिकायला कुणाला तरी पुण्याला तीन दिवसांच्या शिबिराला पाठवायचं होतं. विषय होता आरोग्याचं अर्थशास्त्र, नवख्यांसाठी. अकाउंटंट म्हणाला, यात आरोग्य आहे, डॉक्टरांना पाठवा. डॉक्टर म्हणाले, यात अर्थशास्त्र आहे, अकाउंटंटला पाठवा. मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मेट्रनचा जन्मच त्यासाठी असतो.

शिबिरात मी दोन गोष्टी शिकले. पहिली अशी, की एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यामुळे हातची गेलेली दुसरी गोष्ट. हे मला लगेच पटलं, कारण आमच्या शेगडीचा एकच बर्नर तेव्हा चालत होता, आणि दूध तापवायला ठेवलं की पिठलं राहायचं. दुसरी अशी, की उपचारानं माणूस किती वर्षं जगला एवढंच मोजायचं नाही, ती वर्षं कशी गेली तेही धरायचं. अंथरुणावर काढलेलं वर्ष पूर्ण वर्ष म्हणून धरत नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या बाई कानात म्हणाल्या, "मग माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष अर्धंच धरायला सांगा." आम्ही दोघी हसलो आणि शिकवणाऱ्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

त्या मॅडम हुशार होत्या. त्या म्हणाल्या, फार डोकं लढवू नका, सरळ पेशंटला विचारा. त्याच्या तब्येतीचं मोल त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. त्यांनी एक फॉर्म दिला. चालता येतं का, अंघोळ-कपडे जमतात का, रोजची कामं होतात का, दुखतं का, चिंता वाटते का, असे पाच प्रश्न आणि शेवटी ती शंभर खुणांची पट्टी. मी मान डोलावली. त्या मॅडम आमच्या तालुक्यात कधी आल्या नसाव्यात.

फॉर्म घेऊन मी आणि फिजिओ घरोघर निघालो. ही मुलगी नगर शहरातली, वडिलांचं कापडाचं दुकान. दुकानातच वाढल्यामुळे गिऱ्हाइकाशी गोड बोलून त्याला पटवायचं कसब तिच्यात मुरलेलं होतं. माझं तसं नाही. मी विचारलं की माणसाला आपण काहीतरी चोरलंय असं वाटतं. म्हणून ती विचारणार आणि मी लिहिणार, असं ठरलं. प्रत्येक घरात आम्हाला आधी खुर्च्या मिळाल्या, मग पाणी, मग चहा. कपबशी हातात आली की आम्ही सुरुवात करायचो.

तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या एका आजीबाईंना तिनं विचारलं, "चालायला काही त्रास होतो का, आजी?"

"न्हाई."

"अजिबात नाही?"

"चालतेच न्हाई बाई मी," आजी म्हणाल्या. "मंग तरास कशाचा व्हईल?"

मी 'त्रास नाही'वर खूण केली. दुसरं काय करणार? फॉर्मवर त्यांच्या उत्तरासाठी दुसरी चौकट नव्हती.

एका शेतकऱ्यानं पट्टी पाहिली आणि आधी चौकशी केली, "शेजारच्यानं किती दिल्यात?" शेजारीही लकव्याचाच होता. त्यानं नव्वद दिलेत, असं फिजिओ बिचारी बोलून गेली. "मंग माझे एक्क्याण्णव लिवा," तो म्हणाला. दुखतं का या प्रश्नावर एक म्हातारा नुसता हसला आणि सुनेला म्हणाला, "मॅडमला बिस्किट दे की."

सगळ्या घरांची सरासरी काढली, तर आमचे लकव्याचे पेशंट हॉस्पिटलच्या स्टाफपेक्षा ठणठणीत निघाले. खात्री करायला मी तोच फॉर्म स्टाफला भरायला दिला. गुडघे आणि बीपी धरून मी स्वतःला साठ दिले. मोठ्या डॉक्टरांनी पंचावन्न दिले. अकाउंटंटनं मार्चअखेर तोंडावर आहे म्हणून तीस दिले.

अध्यक्षांना हा कागद गेला आणि ते मनापासून खूश झाले. माणूस वाईट नव्हता, मोठा बागाईतदार, ट्रस्टसाठी पदरचं घालणारा. "सगळे बरे झाल्यात म्हना की," त्यांनी माझं अभिनंदन केलं. "लई चांगलं काम झालं. मंग आता भेटी बंद करायला हरकत न्हाई." त्यांच्या खिशात मशीनचं रंगीत माहितीपत्रक होतं. ते त्यांनी मला लग्नाच्या स्थळाचा फोटो दाखवावा तसं दाखवलं.

त्या दिवशी दादांकडं जाऊन मी त्यांच्यावर डाफरले. "शंभर? शंभर काय म्हणून? तुमच्या शंभरानं ती पोरगी यायची बंद होणार आहे."

"मंग पाव्हन्यापुढं काय रडगानं गायचं?" दादा म्हणाले.

"पाहुणी कसली? वर्षभर येते आहे ती."

"चहा पितीय तवर पाव्हनीच," असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

माझं बोलणं भावजयीनं ऐकलं. ती दुसऱ्या दिवशी दळण टाकायला गेली आणि पिठाच्या गिरणीत हे बोलून आली, की गुण कमी दिले तरच मॅडम येणार. गिरणीत सांगितलेली गोष्ट आमच्या गावात संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचते, पिठासकट. आम्ही दुसऱ्यांदा फॉर्म घेऊन निघालो तेव्हा अख्खा तालुका मरणाला टेकला होता. परवा एक्क्याण्णव देणारा आज शून्यावर आला होता आणि शून्याच्या खाली काही मिळतं का विचारत होता. आधीच बऱ्यापैकी सुधारलेला एक जण आमची स्कूटी वाजल्याबरोबर पांघरूण घेऊन झोपला. "हलताच येत न्हाई," तो कण्हला. बाहेर त्याची सायकल उभी होती आणि कॅरिअरला अडकवलेल्या किटलीतून सकाळचं दूध अजून थेंब थेंब गळत होतं. फिजिओनं ते पाहिलं, मीही पाहिलं. आम्ही दोघी काही बोललो नाही, मांजर मात्र बोलावल्यासारखं आलं.

मग मी पुण्याहून आणलेलं शेवटचं हत्यार काढलं. शिबिरात सांगितलं होतं की पट्टीवर भरवसा नसेल तर असं विचारा: समजा तुमच्यापुढं अशीच दहा वर्षं आहेत, त्यातली काही सोडून दिली तर उरलेली धडधाकट मिळतील, किती सोडाल? जितकी जास्त सोडाल, तितका आजार तुम्हाला जड. वर्गात हे ऐकायला फार शहाणपणाचं वाटलं होतं. एका घरात मी तोंड उघडलं आणि वाक्य पुरं व्हायच्या आत पेशंटची बायको आत जाऊन मीठ-मोहऱ्या घेऊन आली. तिनं त्या आधी नवऱ्यावरून आणि मग, माझ्याकडं रागानं बघत, माझ्यावरूनही ओवाळल्या. दुसऱ्या घरात पेशंटचे डोळे चमकले. "दहा वर्षं म्हंजी नक्की ना?" त्यानं विचारलं. "मंग हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून द्या. डॉक्टरचा शिक्का पायजे." तिसऱ्या घरी आम्ही गेलोच नाही.

अध्यक्षांची मीटिंग आठवड्यावर आली होती. माझ्याकडं दोन गठ्ठे होते. एकात सगळे ठणठणीत होते आणि दुसऱ्यात सगळे मेलेले. मी दोन्ही गठ्ठे कपाटात टाकले आणि कपाटाला लाथ मारली. गुडघा दुखला, म्हणजे माझे साठाचे पंचावन्न झाले.

त्यातच ईद आली आणि फिजिओ दोन दिवस घरी गेली. दादांचा व्यायाम चुकू नये म्हणून सकाळी ड्युटीच्या आधी मीच गेले. भावजय पिशवी घेऊन रेशनच्या दुकानात निघाली होती. भाऊ सुप्याला कामाला, आठवड्यानं घरी येणारा. म्हणजे घरात मी आणि दादा दोघंच. मी त्यांचा डावा पाय टाचेखाली धरून उचलायला लागले. एक, दोन, तीन.

"लई भराभर मोजतीस," दादा म्हणाले. "ती पोरगी नीट मोजती."

"दादा, एक विचारते, चिडायचं नाही."

"तू कदी न चिडता इचारलंस, म्हंजी मी न चिडता सांगीन?"

मी तो दहा वर्षांचा प्रश्न विचारला. उत्तराची आशा नव्हती. थट्टा करतील, फार तर लेटरहेड मागतील, असं वाटलं होतं. दादांनी दाराकडं पाहिलं.

"ती कुठं गेली?"

"रेशनला."

"येळ लागंल?"

"लागेल. रांग असते."

"नऊ," दादा म्हणाले.

माझं मोजणं थांबलं. पाय तसाच हातात राहिला.

"नऊ घे काढून. एक ठेव मला. पन त्या वर्सात मी माझा मी संडासात जाईन, आन आतून कडी लावीन."

आमच्या संडासाचं दार दोन वर्षं उघडं होतं. दादा आत पडले तर उचलायला यावं म्हणून भावजय बाहेर उभी राहायची, दाराकडं पाठ करून. त्यांना अवघड वाटू नये म्हणून ती मोठ्यानं काहीतरी बोलत राहायची. बहुतेक दुधाबद्दल. आज दूध पातळ आलं, म्हशीनं वेळेवर दिलं नाही, गवळी लबाड आहे. मी कधीही गेले की ते ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हिला दुधाशिवाय विषय नाही. मी नर्स. आयुष्यभर माणसांना बेडपॅन दिले, पडदे ओढले, आणि माझ्या बापाचं दार उघडं आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला रडू आलं. पाय हातात होता म्हणून डोळे पुसता येईनात.

"मग शंभर का सांगितलेत?" मी विचारलं.

"ती उबी हुती की चहा घिऊन," दादा म्हणाले. "तिच्याम्होरं चाळीस सांगितले असते, तर कमी कुनाचे झाले असते? माझे का तिचे?"

मी पाय हळूच खाली ठेवला. म्हणजे पहिल्या गठ्ठ्यातला एकही गुण पेशंटचा नव्हता. प्रत्येक घरात चहा घेऊन कुणीतरी उभं होतं, सून, बायको, बहीण, आणि प्रत्येकानं आपल्या तब्येतीला नाही तर त्या उभ्या असलेल्या माणसाला गुण दिले होते. एवढं साधं मला कळलं नाही, आणि मी पुण्याहून सर्टिफिकेट घेऊन आले होते.

दादा आता रंगात आले. "आन तुमचा काटाबी अर्धाच हाय. काट्यावर आमी भरलेली गाडी तोलायचो, मंग रिकामी झाली की पुन्ना तोलायचो. मधला फरक म्हंजी ऊस. तुमी एकदाच तोलता. पोरगी यायच्या आदी मी कसा हुतो, ते कुनी इचारलं?"

पुण्याच्या मॅडमनी हेच दुपारच्या सत्रात सांगितलं होतं. मी तेव्हा पेंगत होते.

फिजिओ ईदचा शीरखुर्मा घेऊन परतली आणि आम्ही तिसरी फेरी काढली. या खेपेला युक्ती केली. घरात गेल्यागेल्या मी म्हणायचे, "चहा घेऊ, पण आलं ठेचून घाला, आणि चांगला उकळू द्या, मला कडक लागतो." बाई आत गेली की आमच्याकडे दहा मिनिटं असायची. फिजिओ बोलता बोलता व्यायाम सुरू करायची आणि तेवढ्यात विचारून घ्यायची: आधी कसं होतं, आता कसं आहे? कागद मी पिशवीतच ठेवायचे आणि बाहेर येऊन लिहायचे. उकळ्या फुटलेला आल्याचा चहा दिवसाला सात-आठ वेळा पिऊन आम्हा दोघींना आम्लपित्त झालं. ते मी कुठल्याही फॉर्मवर लिहिलं नाही.

त्या दहा मिनिटांत माणसं खरं बोलली. एक्क्याण्णववाला म्हणाला, "चाळीस. आदी धा बी न्हवते. शेजाऱ्याला सांगू नका." सायकलवाल्यानं ओशाळून ऐंशी सांगितले. अंथरुणावरच्या आजी म्हणाल्या, "आदी भितीकडं त्वांड असायचं. सून येऊन वळवंल तवाच दुसरीकडं. आता माझी मी वळते. दार दिसतं, येनारं-जानारं मानूस दिसतं." हे कुठल्या चौकटीत बसवायचं, याचा मी खूप विचार केला.

मीटिंगच्या आदल्या दिवशी मी दादांना विचारलं, "तुमचं सांगू का?"

"सांग," दादा म्हणाले. "वजन सांग. गाडीचा नंबर सांगू नको."

मीटिंगला कंपनीच्या मॅडम आल्या होत्या, अध्यक्ष होते, मोठे डॉक्टर होते. डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं. लकव्यात पहिले काही तास मोलाचे असतात, मशीन जवळ असेल तर माणूस वाचतो, वाकडा होत नाही. याला उत्तर द्यायला मला आधी जड गेलं होतं. पण तिसऱ्या फेरीत आम्ही तेही विचारलं होतं. तसं एक मशीन राहुरी शहरात आधीच आहे, गाडीनं जायला फार वेळ लागत नाही. वेळ गेला होता तो घरात. जवळजवळ प्रत्येक जण अर्धा दिवस खाटेवर बसून 'बरं वाटंल' म्हणत राहिला होता. दादाही. भावजय रिक्षा आणते म्हणाली तर त्यांनी तिला ज्वारी निवडायला बसवलं होतं. "मशीन दारात आणून ठेवलं तरी ही माणसं 'बरं हाय' म्हणून परत पाठवतील," मी म्हणाले. डॉक्टर हसले. त्यांचेही वडील तसेच होते म्हणे.

मग मी दोन वेळचं वजन सांगितलं, भेटींच्या आधीचं आणि आताचं. शेवटी म्हणाले, "एका पेशंटनं दहातली नऊ वर्षं सोडली. उरलेल्या एका वर्षात संडासाला आतून कडी लावता यावी म्हणून."

कंपनीच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"कोन हाय त्यो?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाव सांगणार नाही."

"खरं सांगतोय कशावरनं? आदी तर सगळे शंभर म्हनले हुते."

"वजनाच्या बाबतीत तो माणूस खोटं बोलत नाही," मी तावातावानं म्हणाले, आणि जीभ चावली.

अध्यक्षांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. त्यांचा ऊस वर्षानुवर्षं त्याच काट्यावरून गेला होता. "पाचट वजा करून सांगितलं का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"वजा करून."

"माझ्या उसातलं बरं दिसायचं त्याला," ते पुटपुटले, आणि माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवलं.

भेटींना एक वर्ष मिळालं. वर्षानं पुन्हा मोजायचं, असं कंपनीच्या मॅडम म्हणाल्या. तरी अध्यक्षांचं तोंड उतरलेलं होतं, आणि त्याचं कारण मला उशिरा उमगलं. मशीनचं उद्घाटन होतं; घरभेटींचं कसं करणार? फीत कुठं बांधणार? मी जाऊन त्यांना सुचवलं की फिजिओला नवी स्कूटी द्यायची आहे, तिचं करूया. त्यांचा चेहरा खुलला. आमच्या हॉस्पिटलच्या आवारात एका स्कूटीला झेंडूचा हार घालून, दोन कुंड्यांना फीत बांधून, बँडसह उद्घाटन झालं. नारळ फुटता फुटेना आणि फुटला तेव्हा पाणी फिजिओच्या नव्या ड्रेसवर उडालं. पेपरात फोटो आला. फोटोत अध्यक्ष आणि स्कूटी आहेत, फिजिओचा फक्त एक कान दिसतो.

वर्ष गेलं. परवा ती पुन्हा तो शंभर खुणांचा कागद घेऊन आमच्या घरी आली. मी मुद्दाम गेले होते. या वेळी भावजय आत गेली नाही, आधीच केलेला चहा घेऊन समोर येऊन उभी राहिली. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, तिला काही कळलं नाही. फिजिओनं कागद पुढं धरला. दादांनी भावजयीकडं पाहिलं, मग कागदाकडं.

"साठ लिव," ते म्हणाले.

"शंभरावरून साठ?" भावजय म्हणाली. "अहो दादा, बरं वाटत न्हाई का?"

"तवा पाचट धरलं हुतं," दादा म्हणाले.

फिजिओ घाबरली. दादांच्या नावापुढं कागदावर अजून ते पहिले शंभरच होते. कंपनीला अहवाल जाणार, आणि त्यात वर्षभराच्या मेहनतीनंतर या पेशंटची तब्येत चाळीसनं घसरलेली दिसणार. ती मला म्हणाली, "मावशी, आता काय लिहू?" मी काही सांगणार तेवढ्यात दादांनी काठी घेतली. "आलोच," म्हणून ते उठले आणि अंगणात उतरले. भावजय सवयीनं मागोमाग गेली. मी ओट्यावरून बघत होते. पाय अजून ओढत होता, पण खांदा कुणाचा धरलेला नव्हता. ते आत गेले. दार लागलं. मग जरा वेळ काही झालं नाही, आणि मग गंजलेली कडी सरकल्याचा आवाज आला.

भावजय नेहमीसारखी दाराकडं पाठ करून उभी राहिली होती. "आज दूध लई पातळ आलं," तिनं मोठ्यानं सुरुवात केली. "त्या गवळ्याला सांगितलं पायजे, की बाबा..."

"आता कशाला बोलतीस?" आतून दादा म्हणाले. "कडी लावलीय."